घशाची तक्रार हटत नाही तेव्हा: पहिल्या शंकेपासून निदानापर्यंत

माझा आवाज बसला तो सर्दीच्या निमित्तानं. सर्दी चार दिवसांत गेली, आवाज मात्र परत आला नाही. मी शिक्षिका आहे, घसा बसणं मला नवीन नव्हतं, त्यामुळे दोन आठवडे मी लक्षच दिलं नाही. मग एके रात्री आरशासमोर तोंड उघडून मोबाइलचा टॉर्च आत मारला आणि जिभेच्या अगदी मागे गोल, गुलाबी उंचवट्यांची एक रांग दिसली. पोटात गोळा आला. ते उंचवटे प्रत्येकाच्या जिभेवर असतात हे मला पुढे कळलं. खरा त्रास दुसरीकडेच होता, आणि तो आरशात दिसणारच नव्हता. तो सापडायला सात आठवडे गेले. त्यात अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, आणि स्वरयंत्र मात्र कुणी पाहिलंच नव्हतं.

ज्यांना घशात, मानेत किंवा आवाजात नुकतंच काही खटकायला लागलंय आणि काय करावं सुचत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. या वाटेनं जाऊन आले आहे, वाटेत बरंच वाचलं, विचारलं. घशाच्या बहुतेक तक्रारी साध्या निघतात, हे आधी सांगून ठेवते. पण साधं आहे की नाही, हे दुखण्याच्या जोरावरून ओळखता येत नाही. साधा विषाणूचा संसर्ग दोन दिवस पाणी गिळू देत नाही, आणि गंभीर आजार कित्येकदा महिनोन्‌महिने काहीच दुखवत नाही. किती दुखतंय यापेक्षा किती दिवस झाले, आणि ती जागा कुणी डोळ्यांनी पाहिली आहे का, या दोन प्रश्नांवर लक्ष ठेवा.

आधी हे बघा: आजच, आत्ताच जायला हवं का?

काही लक्षणांत वाट बघायची नसते. श्वास आत घेताना घशातून शिट्टीसारखा किंवा कर्कश आवाज येतोय, स्वतःची लाळही गिळता येत नाही आणि ती तोंडातून गळतेय, ओठ-जीभ-चेहरा झपाट्यानं सुजतोय, घशातून किंवा उलटीतून रक्त पडतंय, तर थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. ताप आहे, एकाच बाजूला प्रचंड दुखतंय, तोंड धड उघडत नाही आणि बोलणं तोंडात घास धरून बोलल्यासारखं येतंय, तर टॉन्सिलच्या मागे पू साठलेला असू शकतो. तो गोळ्यांनी आपोआप बसेल या भरवशावर राहू नका, बहुधा काढावाच लागतो.

श्वास अडकत असलेल्या माणसाला आडवं झोपवू नका, तो ज्या स्थितीत बसून श्वास घेतोय तसंच बसू द्या. त्याच्या घशात चमचा किंवा बोट घालून पाहायचा मोह टाळा, सुजलेला भाग तेवढ्या डिवचण्यानं पूर्ण बंद होऊ शकतो. लहान मुलानं चपटी बटण-बॅटरी गिळल्याची नुसती शंका असली तरी एक मिनिट घालवू नका. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं.

यातलं काही नसेल, तर शांतपणे पुढचं वाचा.

एकदा नीट पाहा, मग हात आवरा

उजेडात, आरशासमोर बसा. तोंड उघडा, तोंडानेच सावकाश श्वास घ्या आणि ‘आ’ म्हणा. जीभ जोर लावून बाहेर ताणली तर ती मागून वर येते आणि काहीच दिसत नाही, म्हणून ती सैल ठेवा. मधोमध लोंबणारी पडजीभ, दोन बाजूंचे टॉन्सिल आणि मागची भिंत, एवढंच आरशात दिसतं. स्वरयंत्र, जिभेचं मूळ आणि अन्ननलिकेचं तोंड त्याच्या खाली, वळणापलीकडे असतं. टॉर्च कितीही प्रखर असला तरी तिथं पोचत नाही. ही एक गोष्ट मनात पक्की करा, पुढे तिचा फार उपयोग होणार आहे.

जे दिसतं त्यात घाबरवणारं पण निरुपद्रवी असं बरंच काही असतं. जिभेच्या अगदी मागे, टोक घशाकडे असलेल्या बाणाच्या फाळासारखी आठ ते बारा गोल उंचवट्यांची रांग ही चवीशी संबंधित नैसर्गिक रचना आहे. मी घाबरले ती हिलाच. जिभेच्या मागच्या कडांना उभ्या घड्या असतात, त्याही जन्मापासूनच्याच. घशाच्या मागच्या भिंतीवर बारीक खडीसारखे दाणे दिसतात, ते सर्दी किंवा ॲलर्जीनंतर ठळक होतात. टॉन्सिलच्या खळग्यात पांढरे-पिवळट, घाण वासाचे खडे अडकतात. टाळूच्या मधोमध हाडासारखा कडक उंचवटा कित्येकांना असतो आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहतो.

वेगळं काय? एक टॉन्सिल दुसऱ्यापेक्षा स्पष्ट मोठा, आणि तो अलीकडे वाढलेला. पुसून न निघणारा पांढरा किंवा मखमली लाल चट्टा. कडा जाड झालेली, न भरणारी जखम. पुसून न निघणारा लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त गांभीर्यानं घ्यावा लागतो, आणि माणसं नेमकी त्याच्याकडेच ‘जरा लालसर आहे’ म्हणून दुर्लक्ष करतात.

मग मान चाचपा. बोटांच्या टोकांनी टोचू नका, बोटांचा सपाट भाग फिरवा. जबड्याखाली दोन्ही बाजूंना मऊसर गोळे लागतील, त्या लाळग्रंथी. दोन्हीकडे सारख्याच असतील तर चिंता नको. कंठमण्याच्या थोडं वर आडवं हाड लागतं, त्याचं टोक एका बाजूला जास्त जाणवू शकतं. मानेच्या कडेला धडधडणारा फुगवटा ही मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी, ती दाबत बसू नका. मानेच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याखाली गाठ असेल आणि आवंढा गिळताना ती वर-खाली होत असेल, तर ती बहुधा थायरॉइडची. त्या बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात, तरी सोनोग्राफी करून घ्यावी.

हे सगळं एकदाच करायचं. नंतर आठवड्यातून फार तर एकदा. मी दिवसातून वीस वेळा मान दाबत होते, आणि त्या दाबण्यानंच तिथे दुखायला लागलं. मग त्या दुखण्याची वेगळी भीती!

कॅलेंडर काढा

पहिला दिवस कोणता, ते लिहून ठेवा. आठवत नसेल तर अंदाजे लिहा, त्या सुमारास काय चाललं होतं ते आठवा: प्रवास, परीक्षा, ताप. ‘बरेच दिवस झाले’ असं सांगितलं की डॉक्टरांना काहीच कळत नाही. ‘पाच आठवडे’ म्हटलं की त्यांची मानही वर होते.

आवाज घोगरा झालाय आणि तीन आठवड्यांत सुधारला नाही, तर स्वरयंत्र तपासून घ्यायचं. विषाणूमुळे बसलेला आवाज साधारण एक-दोन आठवड्यांत मार्गी लागतो. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये सुधारलेल्या सूचनांमध्ये चार आठवड्यांची मर्यादा घातली आहे, आणि गंभीर कारणाची शंका असेल तर तेवढंही थांबू नये असं म्हटलं आहे. ब्रिटनमध्ये वय ४५ किंवा त्याहून जास्त असेल आणि आवाज विनाकारण बसलेला राहिला, तर रुग्णाला तातडीनं तज्ज्ञाकडे पाठवतात. तंबाखूची सवय असेल, मग ती ओढलेली असो की चघळलेली, किंवा दारू नियमित असेल, तर मर्यादेच्या शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नका. दोन्ही एकत्र असतील तर धोका नुसता जोडला जात नाही, कितीतरी पट वाढतो.

मानेतल्या गाठीला दोन आठवडे. सर्दी-तापाबरोबर आलेली गाठ दुखरी असते, बोटाखाली सरकते आणि संसर्ग ओसरला की लहान होत जाते. मोठ्या माणसाच्या मानेत दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी, घट्ट, जागची न हलणारी आणि न दुखणारी गाठ असेल, तर ‘दुखत नाही म्हणजे साधी’ हा हिशोब नेमका उलटा आहे. न दुखणारीच जास्त तपासावी लागते. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर दाखवायची.

गिळण्याच्या तक्रारीला मात्र मी कसलीच सवलत देणार नाही. घास छातीत किंवा घशात अडकतोय, आधी फक्त घट्ट पदार्थ अडकत होते आणि आता मऊही अडकतात, पाणी पिताना ठसका लागतो, वजन उतरतंय, यातलं काहीही असेल तर याच आठवड्यात वेळ घ्या.

आणि कान. एकाच बाजूचा कान दुखतो, डॉक्टर आत बघतात, कान ठणठणीत असतो, थेंब देऊन पाठवतात. घसा आणि कान यांच्या संवेदना काही समाईक मज्जातंतूंमधून जातात, त्यामुळे टॉन्सिल, जिभेचं मूळ किंवा स्वरयंत्राजवळच्या त्रासाची कळ कानात उमटू शकते. कान चांगला असूनही त्याच बाजूचा कान दुखत राहिला, तर घशाची दुर्बिणीतून तपासणी मागून घ्या.

‘काहीतरी अडकलंय’ असं वाटतं, पण अडकत काही नाही

या तक्रारीवर थोडं थांबते, कारण रात्रीची झोप सगळ्यात जास्त हीच उडवते. घशाच्या मधोमध गोळा असल्यासारखं वाटतं. आवंढा गिळला की जास्त जाणवतो, जेवताना मात्र विसरायला होतं. कधी आठवडाभर नसतो, ताणाचे दिवस आले की परत हजर. घसा साफ करावासा वाटतो, खाकरलं की दोन मिनिटं बरं वाटतं, पुन्हा तेच. वैद्यकात याला ‘ग्लोबस’ म्हणतात. अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू घट्ट राहणं, पोटातलं आम्ल वर येणं, सततची काळजी, अशी त्यामागची कारणं सांगितली जातात. हा भास मनाचा खेळ म्हणून कुणी उडवून लावू नये. स्नायू खरोखर आवळलेला असू शकतो आणि माणसाला ते खरोखर जाणवतं.

ग्लोबसमध्ये अन्न अडत नाही, दुखत नाही, वजन घटत नाही, आवाज बदलत नाही. यातलं एक जरी जोडीला आलं किंवा त्रास कायम एकाच बाजूला राहिला, तर त्याला ग्लोबस म्हणायच्या आधी आत पाहायला हवं. दुर्बिणीतून सगळं स्वच्छ दिसल्याचं ऐकूनच अनेकांचा गोळा निम्मा होतो. सारखं खाकरणं थांबवा. खाकरताना दोन स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, सुजतात, त्यामुळे पुन्हा काहीतरी आहेसं वाटतं आणि हे चक्र चालू राहतं. खाकरायची ऊर्मी आली की घोटभर पाणी प्या.

डॉक्टरांकडे जाण्याआधी

आवाजाची तक्रार असेल तर रोज सकाळी मोबाइलवर एकच वाक्य रेकॉर्ड करा. तेच वाक्य, तेवढ्याच अंतरावरून, आणि शेवटी एक लांब ‘आऽऽ’. आपल्याला आपला आवाज रोज ऐकू येत असल्यामुळे तो हळूहळू बदलला तर लक्षात येत नाही. माझ्या पहिल्या आणि विसाव्या दिवसाची रेकॉर्डिंग पाठोपाठ ऐकल्यावर तज्ज्ञ डॉक्टरांनी पुढे काही विचारलंच नाही, सरळ दुर्बीण काढली.

कागदावर लिहून न्या: त्रास कधी सुरू झाला, कोणत्या बाजूला, वाढतोय की येतो-जातो, गिळताना काय होतं, वजन किती होतं आणि आता किती आहे. चालू औषधांची नावं लिहा, विशेषतः रक्त पातळ करणारी. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप ओढत असाल तर सांगा, त्यानं आवाज बसतो आणि घशात बुरशीचा संसर्गही होतो, म्हणून पंप घेतल्यावर चूळ भरायची असते. अलीकडे पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया झाली असेल तर तेही सांगा, कारण श्वासासाठी घातलेली नळी स्वरतंतूंमधून जाते. थायरॉइड, मान किंवा छातीची शस्त्रक्रिया झालेली असली तरी सांगा. तंबाखू आणि दारूबद्दल खरं बोला. डॉक्टरांना तुमची परीक्षा घ्यायची नसते, पुढे काय तपासायचं ते ठरवायचं असतं.

आपण तंबाखूच्या वाटेला कधी गेलो नाही म्हणून आपल्याला काही होणार नाही, हेही धरून चालू नका. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचे काही कर्करोग एचपीव्ही या विषाणूमुळे, मुख्यतः त्याच्या १६ क्रमांकाच्या प्रकारामुळे होतात. त्यात पहिलं लक्षण बरेचदा मानेतली न दुखणारी गाठ एवढंच असतं, घसा अगदी ठीक वाटत असतो.

तपासणीच्या खोलीत

नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालेल. पण वरच्या मर्यादा उलटल्या असतील तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा असं स्पष्ट म्हणा. संसर्गाची ठोस खूण नसताना अँटिबायोटिकचा कोर्स संपला की दुसरा सुरू, असं होऊ देऊ नका. आधी ज्या डॉक्टरांकडे मी गेले, त्यांनी टॉर्चनं घसा बघून ‘थोडा लाल आहे’ म्हटलं होतं. ते खोटं बोलले नाहीत, जेवढं दिसलं तेवढं सांगितलं. ‘स्वरयंत्र पाहिलंत का?’ हा प्रश्न मी विचारायला हवा होता. तुम्ही विचारा. नम्रपणे विचारला तर कुणाला राग येत नाही.

तज्ज्ञ आधी तोंड बघतील. टॉन्सिल आणि जिभेचं मूळ हातमोजा घालून बोटानं चाचपतील, उमासा येईल पण क्षणभरच. मग तुमच्या मागे उभं राहून दोन्ही हातांनी मान तपासतील. त्यानंतर दुर्बीण.

दुर्बिणीची भीती फार असते, म्हणून नीट सांगते. नाकात बधिर करणारा फवारा मारतात. तो कडू असतो आणि घशात उतरला की घसा जाड झाल्यासारखा, गिळताच येणार नाही असा वाटतो. गिळता येतं, फक्त जाणवत नाही. नळी असते तीन-चार मिलिमीटरची, बॉलपेनच्या रिफिलपेक्षा किंचित जाड, आणि मऊ. ती नाकातून जाते. नाकाच्या मागच्या वळणावर दाब येतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि तेवढाच काय तो अवघड भाग. खांदे सैल सोडा, नाकानं हळू श्वास घेत राहा. मग डॉक्टर ‘ईऽऽ’ म्हणायला सांगतात, गिळायला सांगतात, जीभ बाहेर काढायला सांगतात. प्रत्येक वेळी आतला वेगळा कोपरा उघडा होतो. एवढं सगळं दोन-तीन मिनिटांत उरकतं. बधिरपणा उतरेपर्यंत, साधारण तासभर, काही खाऊ-पिऊ नका, नाहीतर ठसका लागेल.

शक्य असेल तर पडद्याकडे बघा. मी बघितलं. दोन मोतिया रंगाच्या पट्ट्या, श्वास घेताना दारासारख्या उघडणाऱ्या आणि ‘ई’ म्हणताच एकमेकींना चिकटून थरथरणाऱ्या. डाव्या पट्टीच्या कडेला डाळीच्या दाण्याएवढा लालसर फुगा होता. दोन्ही पट्ट्या जुळल्या की तो मध्ये येई आणि हवा निसटे. सात आठवडे मी ज्याला न बरी झालेली सर्दी समजत होते, ते हे होतं.

स्वरतंतू बघायची ही धडपड जुनी आहे. १८५४ साली मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकानं दंतवैद्याचा लहान आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशानं सूर्यप्रकाश आत पाडला आणि स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. बोलताना ते सेकंदाला शंभर-दोनशे वेळा कंप पावतात, म्हणूनच त्यांच्यावर बारीकशी काही वाढ झाली तरी आवाज लगेच बदलतो. स्वरतंतूंचा कर्करोग यामुळेच लवकर सापडू शकतो. शिवाय तिथे लसिकावाहिन्या, म्हणजे ज्यांतून आजार पुढे जातो त्या बारीक नलिका, कमी असल्यानं तो उशिरा पसरतो. पहिल्या टप्प्यात सापडला तर किरणोपचारानं किंवा लेझरनं बहुतेक रुग्ण बरे होतात, आवाजही राखता येतो. स्वरतंतूंच्या वरच्या भागात ही सोय नाही. तिथला आजार मोठा होईपर्यंत आवाजाला हात लावत नाही.

पुढच्या तपासण्या: कोणती कशासाठी

दुर्बिणीत बहुतेक वेळा बारीक गाठी, पॉलिप (मला होता तसला फुगा), सूज, आम्लामुळे आलेली लाली असलं काहीतरी दिसतं आणि उपचार तिथूनच सुरू होतात. एक स्वरतंतू हलतच नसेल, तर कारण घशात असेलच असं नाही. डाव्या स्वरतंतूकडे जाणारी नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालते आणि परत वर येते, म्हणून आवाजाच्या तक्रारीसाठी छातीचा सीटी स्कॅन सांगितला तर बुचकळ्यात पडू नका.

मानेतल्या गाठीसाठी सोनोग्राफी आणि तिच्याच मदतीनं बारीक सुईनं पेशी काढणं, ही पहिली पायरी. रक्त काढताना लागते तशाच सुईनं हे होतं. ‘आधी गाठ कापून काढू, मग बघू’ असं कुणी म्हणालं तर सुईची तपासणी आधी का नाही, हे जरूर विचारा. गाठीत कर्करोग असेल तर आधीच चीर दिल्यानं पुढचे उपचार अवघड होऊ शकतात.

घशातला संशयास्पद भाग असेल तर तुकडा काढून तपासायला पाठवतात. स्वरयंत्रातला तुकडा बहुधा पूर्ण भूल देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली काढतात. माझा पॉलिप असाच काढला. त्यानंतर काही दिवस अजिबात बोलायचं नव्हतं. कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजतानाही बरेच जण स्वरयंत्रावर ताण देतात. मी पाटी-पेन्सिल घेऊन घरात वावरत होते. सीटी आणि एमआरआय आजार किती खोल आणि कुठवर आहे ते दाखवतात. आजार नेमका कोणता, ते मात्र तुकडाच सांगतो.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्ट एकट्यानं, रात्री, मोबाइलवर उघडू नका. तो यायला काही दिवस ते एक-दोन आठवडे लागतात, आणि डॉक्टरांना भेटायची वेळ आधीच ठरवून ठेवता येते. सोबत एक माणूस न्या. वाईट शब्द कानावर पडला की त्यापुढचं ऐकू येत नाही. ते सोबतच्या माणसानं ऐकायचं आणि लिहून घ्यायचं.

काही शब्द ओळखीचे असू द्या. ‘इन्फ्लमेशन’ म्हणजे दाह. ‘डिसप्लेसिया’ म्हणजे पेशी बदलायला लागल्या आहेत, कर्करोग झालेला नाही. तो सौम्य, मध्यम किंवा तीव्र असतो आणि त्यानुसार उपचार व नजर ठेवणं ठरतं. ‘कार्सिनोमा’ म्हणजे कर्करोग. ‘नमुना अपुरा’ याचा अर्थ काही नाही असा घेऊ नका, तपासणी पुन्हा करायची आहे एवढाच त्याचा अर्थ. चाळिशीपुढच्या माणसाच्या मानेत पाण्यानं भरलेली गाठ असेल आणि सुईत नुसतं पाणी आलं, तर त्या ‘निर्दोष’ रिपोर्टवरही समाधान मानू नये. तशा गाठीच्या भिंतीत आजार लपलेला असू शकतो.

इथे मला जर्मनीच्या फ्रेडरिक तिसऱ्याची आठवण होते. १८८७ च्या जानेवारीत त्याचा आवाज बसला, तेव्हा तो युवराज होता. डावा स्वरतंतू खराब दिसत होता आणि मे महिन्यात शस्त्रक्रिया ठरली. ती होण्याआधी ब्रिटनहून मोरेल मॅकेन्झी या प्रसिद्ध घशाच्या डॉक्टरला बोलावण्यात आलं. त्यानं बारीक तुकडा काढला आणि तो रुडॉल्फ फिर्खोकडे गेला. फिर्खो हा सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तपासून आजार ओळखण्याच्या शास्त्रातला त्या काळचा सर्वांत मोठा माणूस. त्याला त्या तुकड्यात कर्करोग दिसला नाही. शस्त्रक्रिया रद्द झाली. आवाज मात्र सुधारला नाही, आणि नोव्हेंबरपर्यंत कर्करोग असल्याचं स्पष्ट झालं. पुढच्या फेब्रुवारीत श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावं लागलं, मार्चमध्ये तो सम्राट झाला आणि ९९ दिवसांनी, १५ जून १८८८ ला वारला. तपासणाऱ्यानं प्रामाणिकपणे तपासलं होतं, पण त्याच्यासमोर जेवढा तुकडा आला तेवढंच तो सांगू शकत होता.

तेव्हा रिपोर्ट चांगला आला आणि तक्रार तशीच राहिली, किंवा वाढली, तर परत जायचं. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग मी कसा जाऊ’ असा संकोच अनेकांना वाटतो. तुम्ही रिपोर्ट खोटा ठरवायला जात नसता. डॉक्टरांना सरळ सांगा, ‘तुकड्यात काही सापडलं नाही, पण त्रास आहे तसाच आहे. पुन्हा बघावं लागेल का?’ चांगला डॉक्टर या वाक्यावर दुसऱ्यांदा दुर्बीण घालतो.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. तुकड्याच्या काचेच्या स्लाइड आणि मेणात जतन केलेला ठोकळा, ज्याला प्रयोगशाळेत ‘ब्लॉक’ म्हणतात, या दोन्ही गोष्टी रीतसर अर्ज करून मागता येतात आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला, म्हणजे तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरांना, दाखवता येतात. स्कॅनच्या बाबतीतही फिल्मपेक्षा मूळ सीडी किंवा फाइल घ्या. पिशवीवर नाव आणि तारीख लिहा, ती घरात एका ठरलेल्या जागी ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या कुणालातरी ती जागा माहीत असू द्या.